लुजियाझुई: चीनच्या पैशाची राजधानी तर उभी राहिली, पण स्विच कोणाच्या हातात?

इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा फोटो तुमच्याकडे कधीतरी आलाच असेल. वर जुना फोटो: एक रुंद नदी, पलीकडे ठेंगणी घरं, धुरकट आकाश. खाली नवा फोटो: तीच नदी आणि पलीकडे काचेच्या टॉवर्सचं जंगल. कॅप्शन ठरलेलं असतं, ‘बघा, चीनने तीस वर्षांत काय केलं आणि आपण काय केलं.’

त्या खालच्या फोटोतली जागा म्हणजे लुजियाझुई. शांघायच्या पुडाँग भागातला हा एक तुकडा. त्याचा गाभा जेमतेम 1.7 चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे सकाळी फिरायला निघालात तर तासाभरात चक्कर होईल. ‘हर’ हा 2013 चा सिनेमा पाहिला असेल, ज्यात नायक फोनमधल्या एआयच्या प्रेमात पडतो, तर तुम्ही ही जागा पाहिलीच आहे. भविष्यातलं लॉस एंजेलिस दाखवायला दिग्दर्शकाने लुजियाझुईचे उंचावरचे पादचारी पूल वापरले. म्हणजे अमेरिकेचं भविष्य शूट करायला अमेरिकेबाहेर जावं लागलं!

फोटो खरा आहे. गडबड कॅप्शनमध्ये आहे. ‘तीस वर्षांत बांधलं’ म्हटलं की सगळं लक्ष सिमेंट आणि काचेवर जातं. पण आर्थिक केंद्र ही बांधायची गोष्ट कमी आणि चालवायची जास्त असते. तिथे पैसा कसा येतो, कुठल्या पाइपमधून वाहतो आणि तो बंद करायचं बटण कोण दाबू शकतं, हे कळलं तर फोटो वेगळा दिसायला लागतो. आपल्यातले बरेच जण आता फोनवरून शेअर घेतात, एसआयपी चालवतात. त्यामुळे ही गोष्ट वाटते तेवढी लांबची नाही.

आधी तिथे काय होतं?

लुजियाझुई या नावाचा अर्थ साधारण ‘लू घराण्याची चोच’ असा. हुआंगपू नदी इथे वळण घेते, त्यामुळे जमिनीचं टोक पाण्यात घुसल्यासारखं दिसतं. मिंग काळातला लू शेन नावाचा विद्वान या घराण्यातला. नदीच्या पश्चिमेला पुशी, पूर्वेला पुडाँग.

‘इथे नुसती भातशेती होती’ हे वाक्य प्रत्येक रीलमध्ये असतं. शेती होती, पण जरा आत पूर्वेकडे. नदीकाठी गोद्या होत्या, गोदामं होती, जहाज बांधायचा कारखाना होता, कामगारांच्या दाट वस्त्या होत्या. माणसं राहत होती. फक्त शहरातल्या प्रतिष्ठितांच्या लेखी ती मोजण्यासारखी नव्हती. पुडाँगमधल्या अख्ख्या खोलीपेक्षा पुशीतली एक खाट बरी, असं शांघायमध्ये लोक सर्रास म्हणायचे. नदीवर पूल नव्हता. फेरीबोट हाच मुख्य आधार, आणि दाट धुकं पडलं की तीही बंद.

पैसा तेव्हा पश्चिम काठावर होता, ‘द बंड’ नावाच्या रस्त्यावर. हे नाव ऐकून कोणी बंड करून उठलं असं समजू नका. हा आपल्याच ‘बांध’ शब्दाचा भाऊ, इंग्रजांनी हिंदुस्तानातून उचलून तिकडे नेलेला. आणि नुसता शब्दच गेला नाही, पैसाही गेला. बंडवरची हिरव्या टोपीची प्रसिद्ध इमारत, आजचं पीस हॉटेल, 1929 मध्ये व्हिक्टर ससून यांनी बांधली. कुलाब्याचा ससून डॉक आणि पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्या घराण्याचं, तेच हे ससून. मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारात या घराण्याने अफाट कमाई केली होती. म्हणजे शांघायच्या जुन्या श्रीमंतीत मुंबईचा वाटा आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही.

1949 नंतर कम्युनिस्ट राजवट आली आणि बंडवरचा हा सगळा खेळ थांबला. 1980 मध्ये चीनने चार विशेष आर्थिक क्षेत्रं निवडली, शेन्झेन त्यातलं सगळ्यात गाजलेलं. शांघाय यादीत नव्हतं. शहराच्या कमाईतला मोठा वाटा बीजिंगकडे जायचा, त्यामुळे त्याच्यावर प्रयोग करणं धोक्याचं होतं. शांघायला तेव्हाच घेतलं नाही ही आपली चूक झाली, असं डेंग शाओपिंग यांनी 1992 च्या दक्षिण दौऱ्यात स्वतः बोलून दाखवलं. त्याआधीच, 18 एप्रिल 1990 रोजी, पंतप्रधान ली पंग यांनी पुडाँग खुलं करण्याची घोषणा केली होती. तियानमेन चौकातल्या गोळीबाराला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. परदेशी गुंतवणूकदार बिचकलेले होते आणि ‘दुकान उघडं आहे’ हे जगाला सांगायची चीनला गरज होती. पुडाँग ही तशी पाटी होती.

रिकामा चेक, खरी जमीन

आता येतो सगळ्यात भारी भाग. टॉवर्सबद्दल सगळे बोलतात, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

घोषणा झाली, पण खिशात पैसे नव्हते. रस्ते, ड्रेनेज, वीज, पूल, हजारो कुटुंबांचं स्थलांतर, सगळ्याला पैसा लागणार. शांघाय सरकारकडे होती फक्त जमीन. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारच्या मालकीची असते, ती विकता येत नाही. पण 1988 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि जमिनीचा ‘वापराचा हक्क’ ठराविक वर्षांसाठी देता येऊ लागला. घरांसाठी 70 वर्षं, व्यापारी वापरासाठी 40.

मग एक युक्ती काढली. समजा, शहराच्या अर्थखात्याने एका नव्या सरकारी कंपनीला 100 रुपयांचा चेक दिला, हे तुमचं भांडवल. कंपनीने तोच चेक जमीन खात्याला दिला, आम्हाला ही जमीन वापरायला द्या. जमीन खात्याने तो चेक अर्थखात्यात जमा केला, ही आमची वसुली. चेक फिरून मूळ ठिकाणी आला. कोणाच्या खिशातून एक पैसा गेला नाही. पण मध्ये एक गोष्ट बदलली: कंपनीच्या नावावर आता जमिनीचा हक्क होता, आणि तो कायदेशीर होता. हक्क दाखवून बँकेकडून कर्ज घेता येतं. परदेशी बिल्डरला म्हणता येतं, जमीन आमची, रोकड तुमची, भागीदारी करू. चिनी भाषेत या पद्धतीचं वर्णनच असं आहे: पैसा फिरतो पोकळ, जमीन फिरते खरी.

लुजियाझुईसाठी नेमलेली ही कंपनी 1993 मध्ये शांघाय शेअर बाजारात लिस्टसुद्धा झाली. म्हणजे जमीन सरकारची, कंपनी सरकारची, बाजार सरकारने उघडलेला, आणि त्यात शेअर घ्यायला जनता. यात फसवणूक नव्हती, सगळं कागदावर होतं. पण नुसत्या हिशेबाच्या वहीतल्या नोंदींतून भांडवल तयार करण्याचं इतकं धीट उदाहरण शोधून सापडणार नाही. क्रिप्टोवाले उगाच स्वतःला हुशार समजतात.

हे चाललं, कारण जागा शांघायची होती. पुढे चीनमधल्या जवळजवळ प्रत्येक शहराने हाच मार्ग धरला. जमिनीचा हक्क विका, त्यावर कर्ज काढा, रस्ते बांधा, जमीन महाग होईल, अजून विका. ज्या गावात ना कंपन्या येणार ना माणसं, तिथेही टॉवर उभे राहिले. 2021 मध्ये एव्हरग्रांड कोसळली आणि घरांचा बाजार बसला, तेव्हा या सवयीची किंमत स्थानिक सरकारांना कळायला लागली. लुजियाझुईचं यश आणि चीनच्या रिकाम्या इमारती यांचं मूळ एकाच युक्तीत आहे. रीलमध्ये फक्त यश दिसतं.

आपल्याकडेही हा फोटो राजकारणात येऊन गेलाय. 2004 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी मुंबईचा कायापालट इतका करू की लोक शांघाय विसरतील, अशा अर्थाचं स्वप्न मांडलं. ‘मुंबईचं शांघाय’ हा शब्दप्रयोग पुढे कित्येक वर्षं आधी आश्वासन म्हणून आणि नंतर विनोद म्हणून वापरला गेला. बीकेसीत एमएमआरडीएने भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर देऊन पैसा उभा केला, त्यात थोडा हाच वास आहे. पण ती जमीन बरीचशी दलदलीची होती. लुजियाझुईमध्ये जमिनीवर माणसं होती.

त्यांचं काय झालं? मधोमध आज दहा हेक्टरची हिरवळ आहे, सेल्फीसाठी फेमस. ती करायला हजारो कुटुंबं हलवली गेली, बहुतेक शहराच्या बाहेरच्या बाजूच्या नव्या इमारतींत. काहींना पहिल्यांदाच घरात स्वतंत्र संडास आणि स्वयंपाकघर मिळालं, हेही खरं. आणि काम, शेजार, बाजार सगळं एका फटक्यात लांब गेलं, हेही खरं. ‘नाही’ म्हणायचा पर्याय त्यांच्यापुढे जवळजवळ नव्हता. हिरवळीच्या कडेला एकच जुना वाडा ठेवलाय, चेन नावाच्या व्यापाऱ्याचा, पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेला. श्रीमंताचं घर वारसा म्हणून टिकलं. मजुरांच्या खोल्यांचा वारसा कोण ठेवणार?

टॉवर पटकन उरकू

टॉवर्सवर यूट्यूबला हजार व्हिडिओ आहेत, म्हणून थोडक्यात. 1992 मध्ये चार नामांकित परदेशी आर्किटेक्टकडून आराखडे मागवले, ब्रिटनचे रिचर्ड रॉजर्स त्यातले एक. शेवटी चिनी तज्ज्ञांनी सगळ्यांतून थोडं थोडं घेऊन स्वतःचा आराखडा केला. नानपू पूल 1991 मध्ये झाला, यांगपू 1993 मध्ये. मग 468 मीटरचा ओरिएंटल पर्ल टीव्ही टॉवर, 88 मजल्यांचा जिन माओ, बाटली उघडायच्या ओपनरसारखा दिसणारा 492 मीटरचा वर्ल्ड फायनान्शियल सेंटर आणि 2015 मध्ये पूर्ण झालेला 632 मीटरचा शांघाय टॉवर. ओपनरवाल्या इमारतीच्या डोक्यावर आधी गोल छिद्र ठरलं होतं. बांधणारी कंपनी जपानी, आणि गोल म्हणजे जपानच्या झेंड्यावरचा सूर्य, अशी ओरड झाली. छिद्र चौकोनी झालं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आशियाई मंदीच्या काळात, इथल्या कितीतरी इमारती रिकाम्या होत्या. ओपनरवाल्या टॉवरचं काम 1997 मध्ये सुरू होऊन काही वर्षं ठप्पच होतं. टॉवर बांधले म्हणून बँका आल्या, असं झालं नाही. बँका आल्या त्या नियमामुळे. परदेशी बँकांना चीनमध्ये युआनमध्ये व्यवहार करायला पहिली परवानगी मिळाली ती 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि शांघायमध्ये ती पुडाँगमधल्या शाखांसाठी होती. तुम्हाला चिनी ग्राहक हवाय? मग नदी ओलांडा. सेंट्रल बँकेची शांघाय शाखा 1995 मध्येच तिकडे गेली होती. त्या वेळी पुडाँगचे प्रमुख झाओ छीजंग यांनी बँकेला एक पांढरी मेंढी भेट दिल्याची गोष्ट तिथे आवडीने सांगतात. कळपात पुढे चालणारी मेंढी, बाकीच्यांनी मागे यायचं. आणि सगळे गेलेच.

बाजार म्हणजे मुळात एक सर्व्हर

शांघाय स्टॉक एक्सचेंज 19 डिसेंबर 1990 रोजी सुरू झालं, तेव्हा ते लुजियाझुईत नव्हतं. नदीच्या पश्चिमेला, पुजियांग नावाच्या जुन्या हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. यादीत शेअर फक्त आठ. पण एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवसापासून केली: सौदे कॉम्प्युटरवर जुळवले. मुंबईत एनएसईने स्क्रीनवरचं ट्रेडिंग 1994 मध्ये आणलं आणि बीएसईच्या रिंगणातली आरडाओरड 1995 पर्यंत चालू होती. म्हणजे समाजवादी देशातला हा नवखा बाजार या बाबतीत आपल्या दलाल स्ट्रीटच्या पुढे होता.

1997 मध्ये एक्सचेंज लुजियाझुईतल्या नव्या इमारतीत आलं, हजाराहून जास्त जागांच्या भव्य हॉलसकट. गंमत म्हणजे हॉल तयार झाला आणि त्याची गरजच संपत गेली. ब्रोकर आपापल्या ऑफिसातून ऑर्डर टाकायला लागले. आज तो हॉल मुख्यतः लिस्टिंगच्या दिवशी घंटा वाजवायला आणि फोटो काढायला कामी येतो. खरा बाजार सर्व्हररूममध्ये आहे.

तुम्ही अ‍ॅपवर ‘बाय’ दाबता तेव्हा काय होतं? तुमची ऑर्डर ब्रोकरच्या सिस्टिममधून एक्सचेंजच्या मॅचिंग इंजिनकडे जाते. इंजिनपुढे दोन रांगा असतात, घेणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची. आधी किंमत बघायची, किंमत सारखी असेल तर आधी आलेला आधी. बस, एवढंच. पण हे प्रचंड वेगाने करायचं आणि एकदाही चुकायचं नाही.

चुकलं तर? 16 ऑगस्ट 2013 ची सकाळ बघा. एव्हरब्राइट सिक्युरिटीज या ब्रोकरच्या सॉफ्टवेअरमध्ये बग होता. दोन सेकंदांत त्याने 26 हजारांहून जास्त नको असलेल्या ऑर्डर तयार केल्या. एकूण 23.4 अब्ज युआनच्या ऑर्डर बाजारात गेल्या, त्यातल्या 7 अब्जांहून जास्तचे सौदे पूर्ण झाले. काही मिनिटांत शांघाय निर्देशांक पाच टक्क्यांहून जास्त उसळला. लोकांना वाटलं सरकार काहीतरी मोठं जाहीर करणार, त्यांनीही उड्या मारल्या. आणि कंपनीने आपली चूक सांगायच्या आधी स्वतःचा तोटा भरून काढायचे सौदे केले. तिला अर्ध्या अब्ज युआनहून जास्त दंड झाला. बग ही दुर्घटना, पुढचं मात्र जाणूनबुजून.

दुसरा नमुना सर्किट ब्रेकरचा. बाजार फार पडला की थोडा वेळ थांबवायचा, लोकांना शांत होऊ द्यायचं, ही कल्पना. आपल्याकडे निर्देशांक 10 टक्के पडला की पहिला ब्रेक लागतो. चीनने जानेवारी 2016 मध्ये पाच टक्क्यांवर पंधरा मिनिटं आणि सात टक्क्यांवर पूर्ण दिवस बंद, असा नियम आणला. पहिल्याच दिवशी, 4 जानेवारीला, बाजार बंद पडला. 7 जानेवारीला पुन्हा, तेही अर्ध्या तासाच्या आत. झालं काय? पाच टक्क्यांनंतर सात टक्के इतके जवळ की दार बंद व्हायच्या आत निसटू म्हणून सगळे एकदमच विकायला धावले. ब्रेकनेच गाडी उलटली. 8 जानेवारीपासून नियम गुंडाळला. चार दिवसांचं आयुष्य!

आणि अगदी अलीकडे, 27 सप्टेंबर 2024. सरकारने अर्थव्यवस्थेला मोठा आधार जाहीर केल्यावर इतके लोक एकदम शेअर घ्यायला आले की एक्सचेंजची सिस्टिम अडखळली आणि ऑर्डर अडकल्या. आपल्याकडे ब्रोकरचं अ‍ॅप बंद पडलं की एक्सवर मीम्स सुरू होतात, तिथे तर बाजारच दमला. या तिन्ही दिवशी लुजियाझुईचे टॉवर जिथल्या तिथे उभे होते.

अँटचा आयपीओ: दोन दिवस आधी ‘नाही’

आता त्या स्विचकडे येऊ.

जुलै 2019 मध्ये शांघाय एक्सचेंजने टेक कंपन्यांसाठी स्टार मार्केट नावाचा वेगळा विभाग उघडला. पहिल्या दिवशी 25 कंपन्या. चिनी टेक कंपन्या न्यूयॉर्कला पळतात, त्यांना घरीच भांडवल मिळावं, हा हेतू. या विभागाचं सगळ्यात मोठं बक्षीस ठरणार होतं अँट ग्रुप, म्हणजे अलीपे चालवणारी जॅक मा यांची हांगझोऊची कंपनी. शांघाय आणि हाँगकाँगमध्ये एकाच वेळी लिस्टिंग, 34 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम, जगातला तोवरचा सर्वांत मोठा आयपीओ. शांघायमध्ये छोट्या गुंतवणूकदारांनी उपलब्ध शेअरच्या 870 पट मागणी नोंदवली. तारीख ठरली: 5 नोव्हेंबर 2020.

24 ऑक्टोबरला शांघायमधल्याच एका परिषदेत जॅक मा यांनी भाषण केलं. चिनी बँका गहाण ठेवून घेणाऱ्या सावकारासारख्या वागतात, नियम जुनाट आहेत, असा त्यांचा सूर होता. समोर बडे अधिकारी बसले होते. 2 नोव्हेंबरला त्यांना आणि कंपनीच्या प्रमुखांना नियामकांनी बोलावून घेतलं. त्याच दिवशी ऑनलाइन कर्जांसाठी नव्या नियमांचा मसुदा आला. 3 नोव्हेंबरला एक्सचेंजने लिस्टिंग थांबवलं. याच आयपीओला ऑक्टोबरमध्ये नियामकाने हिरवा कंदील दिला होता.

जॅक मा बिचारे आणि सरकार खलनायक, अशी ही सरळ गोष्ट नाही. अँटच्या अ‍ॅपवरून लोकांना दिलेली छोटी कर्जं साधारण 1.7 लाख कोटी युआन होती. त्यातली फक्त दोनेक टक्के अँटच्या स्वतःच्या हिशेबात. बाकी बँकांची. म्हणजे ग्राहक आणायचा, कमिशन घ्यायचं, कर्ज बुडालं तर बँक बघेल. नव्या मसुद्यात म्हटलं होतं, भागीदारीतल्या कर्जात निदान 30 टक्के पैसा तुमचा हवा. आपल्याकडे लोन अ‍ॅपवाल्यांचा जाच पाहिलेल्या माणसाला हा नियम चुकीचा वाटणार नाही. मला तर तो उशिरा आलेला वाटतो.

पण प्रश्न नियमाचा नाही, वेळेचा आहे. कंपनीचे हिशेब सप्टेंबरमध्येही तेच होते. हाच नियम तेव्हा आला असता तर कोणी कुरकुर केली नसती. भाषणानंतर दहा दिवसांत आल्यामुळे जगभरच्या गुंतवणूकदारांनी एक नोंद करून ठेवली: इथे मंजुरी म्हणजे शेवटचा शब्द नाही. 2023 मध्ये अँटला 7 अब्ज युआनहून जास्त दंड होऊन प्रकरण मिटलं. आयपीओ परत आला नाही.

ज्या हाताने 1990 मध्ये पोकळ चेक फिरवून हे केंद्र उभं केलं, परदेशी बँकांना नदी ओलांडायला लावली, त्याच हाताने हे थांबवलं. विरोध झाला तर कोर्टकचेऱ्यांत वर्षं जात नाहीत, म्हणून पूल पटकन झाला. आणि तेच कारण, की मंजूर झालेला आयपीओ एका संध्याकाळी रद्द करता आला. यातली एकच बाजू घेता येत नाही.

पैसा आत येतो, बाहेर कसा जातो?

2009 मध्ये चीन सरकारने ठरवलं होतं की 2020 पर्यंत शांघायला आंतरराष्ट्रीय आर्थिक केंद्र करायचं. जगभरच्या आर्थिक केंद्रांच्या एका प्रसिद्ध क्रमवारीत सप्टेंबर 2020 मध्ये शांघाय न्यूयॉर्क आणि लंडनच्या मागोमाग तिसरं आलंही. चार वर्षांनी त्याच क्रमवारीत ते आठवं होतं.

मधल्या काळात अँट प्रकरण झालं आणि 2022 चं कोविड लॉकडाऊनही. पुडाँग त्या मार्चच्या शेवटी बंद झालं, तेव्हा बाजार चालू राहावा म्हणून लुजियाझुईतले हजारो बँकर आणि ट्रेडर ऑफिसातच झोपले. पण सगळ्यात मोठं कारण जुनं आहे. युआन मोकळेपणाने सीमा ओलांडू शकत नाही. चिनी नागरिकाला वर्षाला 50 हजार डॉलरपर्यंतच युआन बदलून घेता येतात. आपल्यालाही परदेशी पैसे पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, पण लंडन किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला असली मर्यादा माहीतच नाही.

2014 मध्ये शांघाय आणि हाँगकाँगचे बाजार जोडले, ती व्यवस्था बघा. हाँगकाँगमधला गुंतवणूकदार शांघायचे शेअर घेऊ शकतो, शांघायचा माणूस हाँगकाँगचे. पण शेअर विकले की पैसे त्याच पाइपमधून मागे येतात. मधल्या मध्ये काढून घर घेता येत नाही की खर्च करता येत नाही. इंजिनिअरिंग म्हणून अफलातून आहे, पूर्ण बंद लूप. पण जगातला मोठा पैसा एखाद्या शहरात ठेवायचा तर ठेवणारा आधी बाहेरचा दरवाजा बघतो. सरकारलाही हे कळतं. दरवाजा उघडला तर पैसा पळेल ही भीती त्यांना आहे, आणि 2015 च्या पडझडीनंतर खरंच बराच पैसा देशाबाहेर गेला होता. त्यामुळे भीती अगदीच खोटी नाही.

आता नवा पाइप टाकायचं काम चालू आहे. लुजियाझुईत 2008 पासून एक मोठी आर्थिक परिषद भरते. जून 2025 च्या परिषदेत सेंट्रल बँकेचे गव्हर्नर पान गोंगशेंग यांनी शांघायमध्ये डिजिटल युआनचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभारणार असल्याचं जाहीर केलं. डॉलरच्या यंत्रणेला वळसा घालून देशादेशांत पैसे पाठवता यावेत, हा उघड हेतू. यूपीआय वापरता तेव्हा तुमच्या बँक खात्यातला पैसा हलतो. डिजिटल युआन म्हणजे 2025 मध्ये त्या परिषदेच्या वेळी सेंट्रल बँकेने थेट काढलेलं चलनच होतं, फोनमध्ये. ते काय काय करू शकतं, हे चीनमधल्या पहिल्या मोठ्या चाचण्यांपैकी एकीत दिसलं होतं. ऑक्टोबर 2020 मध्ये शेन्झेनच्या लुओहू भागात लॉटरी काढून 50 हजार लोकांच्या फोनमध्ये प्रत्येकी 200 डिजिटल युआन टाकले. दुकानात खर्चा, म्हणून सांगितलं. त्या पैशांवर तारीख होती, 18 ऑक्टोबर. ज्यांनी तोवर वापरले नाहीत, त्यांच्या फोनमधून ते परत गेले.